तरंगत्या व्हिडिओसाठी वेगळे काही डाउनलोड करू नका

प्रति,
संपादक महोदय,

विषय : ब्राउझरमधील ‘पिक्चर-इन-पिक्चर’ – कोठे काय मिळते आणि कोठे अडते

पर्वरीला गोवा विधानसभेचे अधिवेशन भरले की अनेकजण थेट प्रक्षेपण लावून शेजारी अंदाजपत्रकाची पीडीएफ उघडतात. बारावीचा विद्यार्थी रसायनशास्त्राचा पाठ ऐकत वर्डमध्ये टिपणे काढतो. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घुमट या वाद्याचा ताल व्हिडिओत पाहायचा असतो आणि आरतीचे शब्द दुसऱ्या पानावर वाचायचे असतात. गरज तिघांची एकच. व्हिडिओ लहान होऊन सगळ्याच्या वर राहावा आणि खाली आपले काम चालावे.

‘पिक्चर-इन-पिक्चर’ नावाची ही सोय आज प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. तरीही लोक ‘फ्लोटिंग व्हिडिओ’ असे शोधतात आणि पहिले दिसेल ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बसवतात. बसवताना येणारी ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी कोणी वाचत नाही. सर्व संकेतस्थळांत नेटबँकिंगही आले. कोपऱ्यात एक व्हिडिओ दिसावा म्हणून अनोळखी माणसाला घराची चावी देण्याची गरज नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. यूट्यूबवर ‘आय’ हे अक्षर दाबले की व्हिडिओ लहान होऊन खालच्या कोपऱ्यात जातो. तो यूट्यूबचा मिनीप्लेयर. तो यूट्यूबच्या पानातच राहतो, टॅब बदलला की दिसेनासा होतो. पिक्चर-इन-पिक्चरची खिडकी ब्राउझरच्या बाहेर येते आणि वर्ड, एक्सेल, पीडीएफ काहीही उघडले तरी वरच राहते. मिनीप्लेयर पाहून ‘आमच्याकडे हे चालत नाही’ असे ठरवणारे बरेच आहेत.

दुसरी गोष्ट थोडी आतली आहे, पण ती कळली की पुढच्या बहुतेक तक्रारींचे उत्तर आपोआप मिळते. ब्राउझर पानातून फक्त व्हिडिओचे चित्र उचलतो. त्या चित्रावर संकेतस्थळाने मांडलेल्या वस्तू, म्हणजे उपशीर्षके, बटणे, थेट गप्पांचा रकाना, हे सारे पानाचे भाग असतात आणि ते मागेच राहतात. ‘टॅबमध्ये उपशीर्षके दिसतात, बाहेर आल्यावर गायब होतात’ ही तक्रार येथूनच येते. व्हिडिओ बनवतानाच चित्रात छापलेली उपशीर्षके मात्र सोबत येतात, कारण ती चित्राचाच भाग असतात.

इतिहास दोन ओळींत. ऑपेराने ही सोय २०१६ मध्ये आणली. त्याच वर्षी मॅकओएस सिएराबरोबर ती सफारीत आली. क्रोममध्ये २०१८ साली, आवृत्ती ७० पासून. या चौघांत फायरफॉक्स सर्वांत उशिरा आला : विंडोजवर डिसेंबर २०१९ मध्ये आवृत्ती ७१ बरोबर, मॅक आणि लिनक्सवर पुढच्या महिन्यात. उशिरा आला, पण अभ्यासासाठी व्हिडिओ पाहणाऱ्याने आज निवडावा तो फायरफॉक्सच, असे आमचे मत आहे. कारणे सांगतो.

फायरफॉक्समध्ये व्हिडिओवर माऊस नेला की कडेला एक लहान बटण येते. ते दाबले की खिडकी बाहेर. हे बटण संकेतस्थळाचे नाही, ब्राउझरचे आहे. त्यामुळे यूट्यूबवर, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर, महाविद्यालयाच्या पोर्टलवर ते एकाच रूपात भेटते. बटण दिसत नसेल तर तीन कारणे तपासावीत. व्हिडिओ ४५ सेकंदांपेक्षा छोटा असेल, त्यात आवाज नसेल किंवा पानावर तो फारच लहान जागेत असेल, तर फायरफॉक्स बटण दाखवत नाही. सरकत्या जाहिरातींवर बटणे नाचू नयेत यासाठी ही काळजी. अशा वेळी व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘वॉच इन पिक्चर-इन-पिक्चर’ निवडावे. यूट्यूबवर पहिल्या राइट-क्लिकला यूट्यूबची स्वतःची काळी यादी येते. शिफ्ट दाबून धरून राइट-क्लिक केले तर थेट ब्राउझरची यादी उघडते. कीबोर्डवरून कंट्रोल, शिफ्ट आणि उजवा चौकटी कंस, म्हणजे पी अक्षराच्या उजवीकडची दुसरी कळ. बटण कोणी चुकून कायमचे लपवले असेल तर सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर खाली ‘ब्राउझिंग’ या भागात पिक्चर-इन-पिक्चरच्या ओळीपुढे पुन्हा खूण करावी.

टिपणे काढणाऱ्याला खरा फायदा पुढे आहे. तरंगत्या खिडकीवर एकदा क्लिक करून डावा-उजवा बाण दाबला की व्हिडिओ ५ सेकंद मागे-पुढे जातो. वर-खाली बाणाने आवाज कमी-जास्त होतो, कंट्रोल आणि खालच्या बाणाने पूर्ण बंद होतो, स्पेसबारने व्हिडिओ थांबतो. शिक्षकांनी सांगितलेले समीकरण निसटले तर टॅबमध्ये परत जावे लागत नाही. मात्र हे बाण तरंगती खिडकी निवडलेली असतानाच चालतात. कर्सर वर्डमध्ये असताना स्पेसबार दाबला तर वर्डमध्ये जागा सुटते आणि सर पुढे बोलत राहतात. त्यावर उपाय म्हणजे कीबोर्डच्या वरच्या रांगेतली प्ले-पॉझची कळ, असेल तर. अनेक लॅपटॉपवर ती एफएनसोबत दाबावी लागते. ती कळ कर्सर कोठेही असला तरी चालते. क्रोममध्ये २०१९ पासून, फायरफॉक्समध्ये २०२० पासून.

फायरफॉक्सचे दुसरे बळ उपशीर्षके. मे २०२२ च्या १०० व्या आवृत्तीपासून यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ अशा ठिकाणची उपशीर्षके तरंगत्या खिडकीतही दिसतात. आधी ती मूळ पानावर सुरू करावी लागतात. अक्षरांचा आकारही तीन मापांत निवडता येतो. पान मागे राहते हे वर सांगितलेच. फायरफॉक्स उपशीर्षकांचा मजकूर वेगळा मिळवून पुन्हा मांडतो. त्यामुळे ज्या संकेतस्थळांची रचना त्याला ठाऊक आहे किंवा ज्यांनी उपशीर्षके वेबव्हीटीटी या प्रमाणित पद्धतीने जोडली आहेत, तेथेच हे जमते. तिसरे, आवृत्ती ८६ पासून एकाच वेळी अनेक खिडक्या बाहेर काढता येतात. एका कोपऱ्यात विधानसभा, दुसऱ्यात फुटबॉलचा सामना. यातले काय पाहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता क्रोम. येथे व्हिडिओवर बटण येत नाही, म्हणून अनेकांना सोय असल्याचेच कळत नाही. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट-क्लिक करा. ‘लूप’, ‘कॉपी व्हिडिओ यूआरएल’ अशी काळी यादी येईल. ती तशीच ठेवून, यादीच्या बाहेर पण व्हिडिओवरच, पुन्हा राइट-क्लिक करा. आता पांढरी, ब्राउझरची यादी येते आणि तिच्यात ‘पिक्चर इन पिक्चर’ असते. दोन क्लिकच्या मध्ये डावे बटण दाबले की यादी मिटते आणि पुन्हा पहिल्यापासून. नवशिक्यांचे घोडे येथेच अडते. याहून सोपा मार्ग म्हणजे वर उजवीकडे, पत्त्याच्या पट्टीशेजारी दिसणारे संगीताच्या चिन्हाचे बटण. व्हिडिओचा आवाज सुरू असताना ते दिसते. ते दाबले की चालू व्हिडिओचे कार्ड उघडते आणि त्यावर चौकटीत चौकट असे चिन्ह असते. दुसऱ्या टॅबमध्ये बसूनही येथून व्हिडिओ बाहेर काढता येतो, हे विशेष. एक्स्टेन्शन हवेच असेल तर गूगलने स्वतः काढलेले बसवावे; ऑल्ट आणि पी दाबले की खिडकी निघते.

क्रोममध्ये नेहमीच्या व्हिडिओची एकच खिडकी बाहेर राहते. दुसरा व्हिडिओ काढला की पहिला परत जातो. यूट्यूबची उपशीर्षके खिडकीत येत नाहीत. शिवाय येथे संकेतस्थळाच्या इच्छेला मान आहे. संकेतस्थळाने व्हिडिओवर ‘बाहेर काढू नये’ अशी खूण लावली असेल तर यादीतली ओळ फिकी होते किंवा दिसतच नाही. तो तुमच्या संगणकाचा दोष नव्हे.

क्रोम सरस ठरतो तो मीटिंगमध्ये. ऑगस्ट २०२३ च्या ११६ व्या आवृत्तीपासून केवळ चित्रच नव्हे, तर बटणांसह पानाचा तुकडाच तरंगत्या खिडकीत ठेवण्याची सोय संकेतस्थळांना मिळाली. गूगल मीट ती वापरते. मीटिंग चालू असताना दुसऱ्या टॅबवर गेलात की माणसांचे चेहरे आणि माइक, कॅमेरा बंद-चालू करण्याची बटणे लहान खिडकीत आपोआप येतात. हे नको असेल तर साइट सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिक पिक्चर-इन-पिक्चर’ बंद करावे. ऑनलाइन तास घेणाऱ्या शिक्षकाने क्रोम किंवा एज वापरावा आणि पाठ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने फायरफॉक्स, असा आमचा सरळ हिशेब आहे. एका संगणकावर दोन्ही राहू शकतात, भांडत नाहीत.

एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी आतून क्रोमचेच भाऊबंद. दुहेरी राइट-क्लिक चौघांतही चालते. ऑपेरा आणि विवाल्डी व्हिडिओवर माऊस नेल्यावर स्वतःचे बटणही दाखवतात, म्हणून क्रोमची पद्धत ज्यांना किचकट वाटते त्यांना ते आवडतात. यापेक्षा अधिक सांगण्यासारखा फरक नाही.

मॅकवर सफारी वापरणाऱ्यांनी यूट्यूबवर दोनदा राइट-क्लिक करावे किंवा पत्त्याच्या पट्टीतील स्पीकरच्या चिन्हावर राइट-क्लिक करून ‘एंटर पिक्चर इन पिक्चर’ निवडावे. ही खिडकी सोडली की पडद्याच्या जवळच्या कोपऱ्याला जाऊन चिकटते. मध्येच कोठेतरी ठेवायची असेल तर कमांड दाबून ओढावी.

फोनची गोष्ट वेगळी. अँड्रॉइडवर ही सोय आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून आहे. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये व्हिडिओ आधी पूर्ण पडद्यावर घ्यायचा आणि मग होम करायचे. पूर्ण पडदा न घेता होम केले तर खिडकी निघत नाही, हीच बहुतेक तक्रारींची मेख. तरीही निघाली नाही तर सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस आणि तेथे पिक्चर-इन-पिक्चर, असे जाऊन त्या ब्राउझरची परवानगी पाहावी. अगदी कमी रॅमच्या स्वस्त फोनमध्ये ही सोय मुळातच काढलेली असू शकते. मग सेटिंग्ज उलटीपालटी करून उपयोग नाही, पडदा दुभागून काम करावे. आयफोनवर ही सोय २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. आपल्याकडे आयफोनवरचे सर्व ब्राउझर आतून सफारीचेच इंजिन वापरतात, त्यामुळे ब्राउझर बदलून फारसा फरक पडत नाही. खिडकी बोटाने पडद्याच्या कडेबाहेर ढकलली की चित्र लपते आणि आवाज चालू राहतो. आरती ऐकायला ते पुरते.

आता बिघाड. सर्वांत जास्त विचारला जाणारा : खिडकी उघडते, आवाज येतो, पण चित्र काळे. जुन्या संगणकांवर याचे कारण बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा चित्र दाखवणारा भाग चालवणारा प्रोग्रॅम, असतो. क्रोम आणि एजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम येथे ‘ग्राफिक्स ॲक्सेलरेशन’ बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. चित्र आले तर दोष ड्रायव्हरचा. तो अद्ययावत करून ॲक्सेलरेशन पुन्हा चालू करावे, नाहीतर सारा भार प्रोसेसरवर पडून पंखा गरगरत राहतो.

लिनक्सवर खिडकी इतर खिडक्यांखाली जाते, अशी तक्रार असते. नव्या लिनक्स वितरणांत वेलँड ही पडदा सांभाळणारी पद्धत असते आणि ती कोणत्याही ॲपला स्वतःहून ‘मला सर्वांत वर ठेव’ असे सांगू देत नाही. ब्राउझर बिचारा हतबल. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये ती खिडकी निवडून ऑल्ट आणि स्पेस दाबावे आणि ‘ऑलवेज ऑन टॉप’ निवडावे. दर वेळी करावे लागते, हे कबूल.

मूळ टॅब बंद केला की तरंगती खिडकीही बंद होते. ब्राउझर लहान करा, दुसऱ्या टॅबवर जा, पण मूळ टॅब मिटू नका. खिडकीवरील फुलीने व्हिडिओ थांबतो, तर शेजारच्या ‘टॅबमध्ये परत’ या चिन्हाने तो न थांबता जागेवर जातो. थेट प्रक्षेपणात हा फरक महत्त्वाचा, कारण फुली दाबून परत येईपर्यंत प्रश्नोत्तरे पुढे गेलेली असतात. वर्गात प्रोजेक्टर लावला असेल किंवा मीटमध्ये पूर्ण पडदा दाखवत असाल तर तरंगती खिडकी सगळ्यांना दिसते. अशा वेळी पूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी दाखवावी.

संकेतस्थळाने सोयच बंद केली असेल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉईज हे साधन बसवून विंडोज, कंट्रोल आणि टी दाबावे. पुढची संपूर्ण खिडकीच वर खिळते. व्हिडिओची खिडकी आधी लहान करून घ्यावी, एवढेच.

मोबाइल डेटावर लॅपटॉप चालवणाऱ्यांसाठी, आणि सांगे-काणकोणच्या आतल्या गावांत असे बरेच आहेत : खिडकी लहान झाली म्हणून डेटा कमी लागतो असे समजू नका. पानातला प्लेयर आपल्या जुन्याच आकारात असतो आणि त्याच दर्जाचा व्हिडिओ मागवत राहतो. १०८०पीवर तासाला साधारण १ ते २ जीबी जातो, ३६०पीवर ३०० ते ४०० एमबी. तळहाताएवढ्या खिडकीत दोहोंत फरक दिसत नाही. बाहेर काढण्यापूर्वी दातेरी चक्राच्या चिन्हातून दर्जा हाताने ३६०पी करावा.

शेवटचा मुद्दा मराठीतून पाठ बनवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे, कारण वरचे सगळे नीट केले तरी स्लाइडवरची अक्षरे वाचता आली नाहीत तर उपयोग नाही. समजा पाठ १९२० बाय १०८० पिक्सेलचा आहे आणि विद्यार्थ्याने तो ४८० बाय २७० च्या खिडकीत ठेवला आहे. सगळे एक-चतुर्थांश झाले. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट. पूर्ण पडद्यावर १ पॉइंटचे २ पिक्सेल होतात. १८ पॉइंटचा मजकूर तेथे ३६ पिक्सेलचा, पण तरंगत्या खिडकीत ९ चाच उरतो. रोमन अक्षरे त्यात कशीबशी तगतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार हवे असतात. ९ पिक्सेलमध्ये ‘सर्व’चा रफार शिरोरेषेतच विरतो, ‘अंश’ आणि ‘अश’ सारखे दिसतात आणि ‘कर्बोदके’ वाचताना अंदाज लावावा लागतो. ३० पॉइंट घेतले तर खिडकीत १५ पिक्सेल मिळतात आणि मात्रा सुट्या दिसतात. एका स्लाइडवर मग सहा-सात ओळींपेक्षा जास्त मावत नाही. उरलेला मजकूर पुढच्या स्लाइडवर न्यावा. सूत्रांतील घातांक आणि खालचे अंक याहून लहान असतात, त्यांच्यासाठी मूळ आकार ४० पॉइंटच्या खाली नसावा. खिडकीवर माऊस नेला की बटणे खालच्या पट्ट्यावर येतात आणि फायरफॉक्समध्ये उपशीर्षकेही तेथेच असतात, म्हणून स्लाइडचा खालचा सहावा हिस्सा मोकळा ठेवावा.

आपला,
एक संगणक शिक्षक
फोंडा, गोवा